मुलगा "मी जाते" म्हणतो, "केलं"चं "करलं" झालंय. सुधारायचं की थांबायचं?

वर्तकनगरची_आई

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. काल घरात थोडी बोलाचाली झाली, म्हणून आज लिहितेच.

माझा मुलगा २ वर्षं १० महिन्यांचा आहे. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. घरात मी, नवरा आणि सासूबाई. नवऱ्याला महापेला रात्रपाळी असते. सकाळी साडेसातला येतो, दुपारपर्यंत झोपतो आणि संध्याकाळी सातला कंपनीची गाडी आली की निघतो. मी घरूनच काम करते. त्यामुळे दिवसभर मुलाशी बोलणार कोण, तर मी, सासूबाई, पोळ्यांच्या मावशी आणि प्लेस्कूलच्या ताई.

बोलतो भरपूर. अखंड. पण बोलतो ते असं: "मी जाते." "आई, मी पडले." मागच्या रविवारी तलावपाळीला बोटीत बसलो, तर आनंदाने ओरडला, "मी बोटीत बसले!" शेजारच्या बोटीतले लोक वळून हसले. तिथवर ठीक होतं. पण डोंबिवलीला एका बारशाला गेलो होतो, तिथे एकजण सगळ्यांसमोर म्हणाले, "बायकांत वाढतोय ना, मुलीसारखाच बोलणार." सासूबाईंनी ते इतकं मनाला लावून घेतलं की दोन दिवस त्या त्याच्याशी मोजकंच बोलत होत्या. काल त्यावरूनच वाद झाला.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. दोन वर्षांचा असताना तो व्यवस्थित "केलं" म्हणायचा. "सांगितलं" म्हणायचा, तेही जोडून-तोडून का होईना. गेल्या महिन्या-दीड महिन्यात ते बिघडलं. आता "मी करलं", "आजीने सांगलं", "झुरळ मरलं", "बाबा येला". आमच्या घरात, शेजारात कोणीही "करलं" म्हणत नाही. मग हे आलं कुठून? आलेलं गेलं कसं? याशिवाय "मी आंबा खाल्ले", "पाऊसात जाऊया", "घोडाला गवत दे" हेही आहेच.

प्लेस्कूलमध्ये विचारलं तर सांगितलं की घरी मराठी, खाली मुलांत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, त्यामुळे तो गोंधळतो, घरीही इंग्रजीच बोला. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी नातवाशी बोलायचंच नाही का?

मी सुधारून पाहिलं. परवाचा संवाद जसाच्या तसा लिहिते:

"आई, मी करलं!"
"करलं नाही राजा, केलं."
"हो."
"म्हण बघू, केलं."
"केलं."
"शाब्बास!"
"आता मी दुसरं पण करलं."

आणि खरं सांगायचं तर मी लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. हल्ली तो वाक्य अर्ध्यात थांबवतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. बरोबर बोललो का, असं. मला ते बघवत नाही. काय करू?

कोलशेत_आजोबा

माझं मत स्पष्ट आहे. लहानपणी जीभ वळते तशी पुढे वळत नाही. आमच्या घरात वडील तिथल्या तिथे सुधारत आणि आम्हा भावंडांचं मराठी आजही चांगलं आहे. रागावू नका, पण सोडूनही देऊ नका.

नौपाड्याची_बाई

वर्तकनगरची आई, तुला "अगं" म्हटलं तर चालेल ना? माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल. मी ठाण्यात ३१ वर्षं मराठी शिकवलं, आठवी ते दहावी. मुलीने भाषाविज्ञान घेतलं होतं, तिच्या नादाने निवृत्तीनंतर मीही वाचायला लागले. आणि घरी नातू आहे, त्याची वही ठेवली आहे. तारीख घालून, तो काय म्हणाला ते लिहायचं.

आधी "करलं" घेऊ, कारण तू ज्याला बिघडलं म्हणतेस ती मला या वयातली सगळ्यात मोठी उडी वाटते.

दोन वर्षांचा असताना तो "केलं" म्हणायचा, ते पाठ होतं. "केलं"चा आणि "कर"चा काही संबंध आहे हे त्याला ठाऊक नव्हतं; ते त्याच्यासाठी दोन सुटे शब्द होते. मग दिवसभर ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं: पड-पडलं, बस-बसलं, उठ-उठलं, रड-रडलं, सांड-सांडलं. झालेल्या गोष्टीला "लं" लागतं! हे त्याला कोणी सांगितलं? तू नाही, आजीने नाही. त्याचं त्याने शोधलं. आणि शोधलेला नियम त्याने सगळीकडे लावला. कर-करलं, मर-मरलं, सांग-सांगलं, ये-येला. तू स्वतःच लिहिलंयस की घरात कोणी "करलं" म्हणत नाही. मग ही नक्कल असूच शकत नाही. तो शब्द त्याने घडवला आहे. मराठीत "केला, गेला, आला, मेला, झाला" ही आडवळणाची रूपं नेमकी रोज लागणाऱ्या क्रियापदांचीच आहेत, त्याला तो काय करणार! इंग्रजी मुलंही याच वयात "वेन्ट" सोडून "गोएड" म्हणायला लागतात. आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर, हा रस्ता जगभर दिसतो.

नक्कल नाही हे एका बाईंनी फार सुंदर दाखवलं. १९५८ साली जीन बर्को यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, हा "वग". मग दोन प्राण्यांचं चित्र दाखवून विचारलं, आता हे दोन काय? जगात कोणीच कधी न उच्चारलेल्या शब्दाचं अनेकवचन शाळेत न गेलेली मुलंसुद्धा करून मोकळी झाली. ऐकलेलंच बोलत असती तर गप्प बसली असती.

आता "मी आंबा खाल्ले". आठवीच्या वर्गात कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवताना माझा घसा बसायचा. तुझा मुलगा तेच गणित पावणेतीन वर्षांचा असताना सोडवायला बसला आहे. त्याच्या बाजूने बघ. तू म्हणतेस, "मी चहा प्यायले", "मी डबा विसरले". इथे क्रियापद तुझ्यामागे चालतं. पण लगेच म्हणतेस, "मी आंबा खाल्ला", "मी पोळी खाल्ली". इथे ते आंब्यामागे आणि पोळीमागे चालतं. प्यायलीस तर तू, खाल्लं तर आंबा! त्याने "प्यायले" बघून "खाल्ले" केलं, यात तर्क चुकला कुठे? आणि पुढची गंमत ऐक. "तू पोळी खाल्लीस" या एका शब्दात "ली" पोळीची आहे आणि "स" तुझा. "आंबा खाल्लास, पोळी खाल्लीस, केळं खाल्लंस." दोघांना एका शब्दात बसवणारं हे यंत्र मुलं शाळेत जायच्या आधी चालवायला लागतात. मला तर अजून वहीत ही वाक्यं लिहिताना हात थांबतो.

"पाऊसात" आणि "घोडाला" हेही तसंच. प्रत्यय सापडला आहे, प्रत्ययाआधी शब्दाचा चेहरा बदलतो (पावसात, उन्हात, घोड्याला) ते यायचं आहे. सामान्यरूप म्हणतात त्याला. येईल.

"मी जाते"बद्दल सासूबाईंना माझ्याकडून सांग की त्यांचं काहीही चुकलेलं नाही. एक तपासून बघ: तो "बाबा जातो" आणि "आजी जाते" बरोबर म्हणतो का? म्हणत असेल, तर पुरुष-स्त्री फरक त्याला कळला आहे. अडचण एकाच शब्दाची आहे, "मी". तो दिवसभर जे "मी" ऐकतो ते सगळे बायकांचे. त्याच्या कानात "मी"च्या मागे नेहमी "ते" किंवा "ले" येतं, म्हणून त्याला वाटतं "मी"चं रूपच ते. बोलणारा बदलला की "मी"ची शेपटी बदलते हे कळायला पुरुषाच्या तोंडचं "मी" भरपूर कानावर पडायला हवं. रात्रपाळीने ते हिरावलं आहे, एवढंच. आणि बारशातल्या त्या गृहस्थांना कोल्हापूरला पाठव. माझी धाकटी जाऊ तिकडची, ती आजही "मी आलो", "मी जातो" म्हणते. तिकडे बायका बोलतातच तशा. म्हणजे "जातो-जाते" हा त्या त्या भागाच्या रीतीचा प्रश्न आहे, पौरुषाचा नाही.

सुधारण्याबद्दल. तुझा संवाद वाचून मला माझीच आठवण आली. हार्वर्डचे रॉजर ब्राउन यांनी १९६२पासून तीन मुलांचं घरातलं बोलणं वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित केलं. त्यातून १९७०मध्ये एक गोष्ट पुढे आली: आईवडील व्याकरण सुधारतच नाहीत, ते खरं-खोटं सुधारतात. आपलंही तसंच आहे. मूल म्हणालं, "तो मांजर आला", आणि समोर कुत्रा असेल तर आपण म्हणतो, "मांजर नाही रे, कुत्रा." "तो मांजर" कोणाच्या लक्षातही येत नाही. तरी मुलं व्याकरण शिकतात. त्याच तीन मुलांत असंही दिसलं की व्याकरणाचे बारकावे येण्याचा क्रम जवळपास सारखा होता, वय मात्र फार वेगवेगळं. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करू नकोस.

"करलं" म्हणाला की तू आनंदाने म्हण, "अरे वा, केलंस तू! कसं केलंस?" बरोबर रूप त्याच्या कानावर दोनदा गेलं, आणि त्याचं बोलणंही तुटलं नाही. "म्हण बघू" मात्र आजपासून बंद कर. तो तुझ्या तोंडाकडे बघतो म्हणालीस ना, ते वाचून मलाही बरं वाटलं नाही.

घणसोली_गावठाण

ताई, मी आगरी आहे, घणसोली गावातला. माझा मुलगा ४ वर्षांचा. त्याची आजी, म्हणजे माझी आई, आगरीच बोलते. "पानी", "गारी", "डोला". बायको नाशिकची, ती "पाणी", "गाडी", "डोळा". बिल्डिंगमध्ये हिंदी. आम्हालाही शाळेतून सांगितलं होतं की गोंधळेल. तीन वर्षांचा होता तेव्हा मी मुद्दाम लक्ष ठेवलं. तो आजीकडे "पानी" मागायचा आणि आईकडे "पाणी". एकाच मिनिटात, एकाच ग्लासासाठी. माणूस बघून भाषा बदलत होता. गोंधळ झालेला असता तर त्याला हे जमलं असतं का?

अजून एक. मराठीत "आपण" आणि "आम्ही" वेगळे आहेत, हिंदीत दोन्हीला "हम". माझ्या ऑफिसात उत्तरेकडचे दोन मित्र दहा वर्षं नवी मुंबईत आहेत, मराठी छान बोलतात, पण "आम्ही जेवायला जाऊया का" म्हणतात आणि मला कळत नाही की मला बोलावलंय की नाही. माझा पोरगा एकदा मित्रांबरोबर चप्पल घालून दारात उभा राहून मला म्हणाला, "बाबा, आम्ही खेळायला चाललो, तू घरी थांब. मग आपण आईस्क्रीम खायला जाऊ." पहिल्यातून मला वगळलं, दुसऱ्यात घेतलं. मी त्याला हे कधीच शिकवलं नव्हतं. मला स्वतःलाच तोपर्यंत माहीत नव्हतं की असा काही नियम आहे.

सुधारण्याचं म्हणाल तर, मी दुसरीत असताना "पानी" म्हटलं म्हणून वर्गात उभा राहिलो होतो. सगळा तास. त्यानंतर चौथीपर्यंत मी वर्गात हात वर केला नाही. उत्तर येत असायचं. आजोबांचा मान ठेवून सांगतो, घरात प्रेमाने सुधारणं वेगळं, पण मूल तोंडाकडे बघायला लागलं असेल तर थांबा ताई.

नौपाड्याची_बाई

घणसोली गावठाण, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मीही "पानी" लिहिणाऱ्या मुलांच्या वह्या लाल केल्या आहेत. लेखनात प्रमाण रूप शिकवणं माझं काम होतं, ते मी पुन्हा करीन. पण "घरी असं बोलता का?" हा प्रश्न मी ज्या सुरात विचारायची, त्या सुरात आज विचारला नसता. तुमच्यासारखे किती हात खाली राहिले असतील. ते आता मोजता येत नाहीत.

वाशी_वाचाउपचार

मी लहान मुलांची स्पीच थेरपिस्ट आहे. इथे वाचून निदान करता येत नाही, पण आईने लिहिलेल्यात मला काळजीचं काही दिसत नाही. तीन-चार शब्दांची वाक्यं, भूतकाळ, प्रत्यय, सगळं आहे. चुका मोजल्या तर आपल्याला वाटतं त्याहून कमी निघतात. इंग्रजीत ८३ मुलांच्या बोलण्याचा १९९२मध्ये अभ्यास झाला, त्यात "गोएड"सारख्या चुकांचं मध्यक प्रमाण (म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या मुलाचं) अवघं २.५ टक्के होतं. बरोबर आलेलं आपल्या कानाला टोचत नाही, चूक टोचते.

काळजी कधी करायची ते सांगते. वर्षाचं होईपर्यंत बाबाबा-दादादा असं बडबडणं नसेल, दोन वर्षं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा कोणत्याही वयात येत असलेले शब्द नाहीसे झाले, तर वाट बघू नका. "केलं"चं "करलं" होणं म्हणजे शब्द जाणं नव्हे, शब्द जाणं म्हणजे "पाणी" म्हणायचं थांबणं. पहिली तपासणी कानांची करायची. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे श्रवण आणि वाचा दोन्ही बघतात.

घरी फक्त इंग्रजी बोला हा सल्ला कृपया घेऊ नका. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. आजीला जी भाषा भरभरून येते तीच तिने बोलावी. आणि "गाणी लावून देतो, ऐकून शिकेल" असं कोणी सुचवलं तर: २००३मध्ये अमेरिकेत ९ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवत बोलणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना तिचे आवाज ओळखता आले. तेच बोलणं पडद्यावर बघणाऱ्यांना नाही आले.

वर्तकनगरची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, तुमचेही.

बाईंनी सांगितलेलं तपासलं. "बाबा जातो, आजी जाते, मावशी आली, काका आला", एकही चुकलं नाही. अडकतं ते "मी"शीच. हे नवऱ्याला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, सकाळी आल्यावर अर्धा तास मी झोपणार नाही. आता रोज दार उघडलं की तो मोठ्याने म्हणतो, "मी आलो!" मग दोघं मिळून दात घासतात आणि बाबा बोलत राहतो: मी पाणी घेतो, मी चूळ भरतो, मी तोंड पुसतो. सासूबाईंना बाईंचा निरोप वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा त्याला मांडीवर घेऊन चिमणीची गोष्ट सुरू केली आहे.

त्या "वग"वरून मीही एक चित्र काढलं. गोल अंगाचा, तीन पायांचा प्राणी. "हा गुबा." दोन काढून विचारलं, हे काय? माझा म्हणाला, "दोन गुबा." शेजारची साडेपाच वर्षांची मुलगी बसली होती, ती लगेच म्हणाली, "अरे, गुबे!" मग मी दुसरा काढला, "ही फिंदी." तीच म्हणाली, "दोन फिंद्या." आणि माझ्या हातातला खडू घेऊन तिने शेजारी ताट काढलं आणि म्हणाली, "गुब्याला भात वाढू." गुब्याला! मी तो शब्द पाच मिनिटांपूर्वी बनवला होता. मला इतकं भरून आलं की काय सांगू.

"करलं" अजून आहे. "म्हण बघू" मी बंद केलंय. पहिला आठवडा तो तरीही थांबून बघायचा. आता विसरला. परवा सलग किती तरी वेळ टीएमटीच्या बसमध्ये काय काय दिसलं ते सांगत होता, त्यात "येली" होतं, "पाऊसात" होतं, आणि एकदा चक्क "पावसात"ही होतं. मी मध्ये बोलले नाही.

आणि "मी"चं सध्या असं आहे. खालून खेळून आला की बाबासारखा दारात उभा राहून ओरडतो, "मी आलो!" आणि खेळायला निघताना माझ्यासारखी मान वळवून म्हणतो, "येते हं, आई."

नौपाड्याची_बाई

अगं, हे आजच्या आज वहीत लिही. तारीख घालून.